बुधवारची दुपार लेखी नव्हती

लांब राहणाऱ्या माझ्या नातवंडांनो,

परवा तुमच्यातल्या धाकटीने मला एक फोटो पाठवला. काळी भिंत, पितळी नळांची रांग, नळाखाली पिवळसर बिअरचा पेला, आणि मागे नऊवारीतल्या एका बाईचं भलंमोठं चित्र. खाली तिने लिहिलं होतं, ‘आजी, हे आपलं आहे ना? सुट्टीत आलो की सगळे इथेच बसू.’

ती बाई म्हणजे माझी आई, तुमची पणजी. तुमच्या आईचं म्हणणं, मी नुसता अंगठा पाठवावा आणि विषय संपवावा. पण जूनमध्ये तुम्ही येणार, तुमचा मामा, म्हणजे माझा भाचा, तुम्हाला प्रेमाने तिथे नेणार, पहिला पेला त्याच्यातर्फे असणार आणि पेल्यासोबत त्याची गोष्टही मिळणार. माझी गोष्ट त्याआधी पोचलेली बरी. म्हणून आजच लिहिते आहे.

आधी त्या जागेबद्दल. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, भाऊ चार. कॉलेजच्या रस्त्यामागच्या गल्लीत वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. आईने वह्या विकून टाकल्या, तिथे लांब बाकं मांडली आणि खाणावळ सुरू केली. जेवायला येत ते मेंबर: विद्यार्थी, बँकेतले कारकून, बदलीवर आलेले मास्तर. सगळे पुरुष. त्या बाकांवर कधी एक बाई जेवायला बसली नाही. मनाई नव्हती, पण बायकांनी घराबाहेर जेवायचं नसे. स्वयंपाकघरात मात्र सगळ्या बायकाच होत्या. पोळ्या लाटायला धायरीहून एक तरुण सून येई. धायरी तेव्हा गाव होतं, आणि ती दुधाच्या गाडीवर बसून अंधारात निघे. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तीस वर्षं तिने तिथे पोळ्या लाटल्या. बाहेरच्या हॉलशी तिचा संबंध एवढाच, की पोळ्यांची परात आणून ठेवायची आणि आत जायचं.

चैत्र लागला की गल्लीत घरोघरी हळदीकुंकू होई. गौर मांडायची, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याची फुलं. आई विधवा, तेव्हा तिला बोलावणं नसे. पंचविशीत अक्काचा नवरा गेला, मग तिलाही नाही. लोक काही दुष्ट नव्हते. मागच्या दाराने पन्ह्याचा तांब्या आणून देत आणि म्हणत, “वाईट वाटून घेऊ नका हं.” आई तो तांब्या मेंबरांना वाढून टाकी.

एका वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या बुधवारी, आईने दुपारचं जेवण बंद ठेवलं आणि मला पाटी रंगवायला बसवलं. माझं अक्षर चांगलं होतं. मी लिहिलं: ‘आज दुपारी फक्त बायका. पुरुषांनी आपली सोय अन्यत्र पाहावी.’

आईने वाचलं. “कृपया नाही घातलंस?”

“घालू?”

“नको,” आई म्हणाली. “आहे तेच बरं.”

त्या दुपारी गल्लीतल्या वीस-बावीस बायका आल्या. हळद नव्हती, कुंकू नव्हतं, त्यामुळे कोणाला वगळायचा प्रश्नच नव्हता. आई आणि मी वाढत होतो. पहिलं पान अक्काचं. आई डाळ घेऊन समोर आली तशी ती सवयीने उठायला लागली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. म्हणाली, “बस. आज तू मेंबर.”

तेव्हापासून दर चैत्रात तो बुधवार झाला. आई गेल्यावर मी केला. लग्न झालं, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तरी त्या सकाळी रजा टाकून खाणावळीतल्या पाट्यावर डाळ वाटायला मी हजर असे. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कोणाची नाही.

नऊ वर्षांपूर्वी भावाने जागा पूर्णपणे आपल्या नावावर करायचं ठरवलं. आपल्याकडे अशा वेळी बहीण हक्कसोडपत्र करून देते. माहेर तुटू नये म्हणून देते, आणि देताना हसतमुख असते. मीही दिलं. मला तुमच्या आजोबांची पेन्शन होती, वारज्याचा फ्लॅट होता, जागेचा मोह नव्हता. भावाला एवढंच म्हटलं, “चैत्रातला तो बुधवार मात्र आपला राहू दे.” तो म्हणाला, “ताई, हे काय सांगायचं असतं?”

वकिलाकडे मी मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सर्व्हे नंबरातला एक आकडा चुकला होता, तो दाखवून दिला. वकील खूश झाले. म्हणाले, “बाई, अशी माणसं हल्ली राहिली नाहीत. बाकी काही अट वगैरे घालायची आहे का? आत्ताच सांगा.”

मी म्हटलं, “भावाबहिणीत कसल्या अटी?”

जन्मभर मी मुलींना शिकवलं की कुणी काही कबूल केलं तर लेखी घ्या. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मला तसं सांगण्याचीच लाज वाटली. चारचौघांत आपण किती समजूतदार दिसतो, याचंच मला कौतुक होतं.

भावाच्या हाती खाणावळ पुढे चालेना, हेही मान्य करते. मेंबर संपले. मुलं फोनवरून जेवण मागवू लागली. भाचा हिंजवडीला कंपनीत होता, रोज तीन तास बसमध्ये घालवून कंटाळला होता. त्याने नोकरी सोडली आणि जागेचं हे केलं, जे तुम्ही फोटोत पाहिलं. बिअर दुसरीकडे कुठे तरी तयार होते आणि इथे नळाला येते. दारूला माझा विरोध आहे असं समजू नका. तुमचे आजोबा शनिवारी दोन पेग घेत आणि तिसऱ्याच्या आधी माझ्याकडे पाहत.

पुण्यात आता वसंत आलेला फलकांवरून कळतो. पाडवा झाला की कैरीची बिअर, कोकमाची बिअर, हापूसची बिअर. गच्चीगच्चीवर पाण्याचे फवारे. एका ठिकाणी तर पेल्याच्या काठावर कडुनिंबाची डहाळी खोचून देतात. आम्ही ती पानं पाडव्याला तोंड वाकडं करून चावायचो. हे लोक तिचा फोटो काढतात आणि ती बाजूला ठेवतात.

भाच्याने पन्ह्याची बिअर काढली. त्यासाठी आईचं पन्ह्याचं प्रमाण त्याने मागितलं, आणि मी ते स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. बुधवारही त्याने पहिली दोन वर्षं पाळला. तिसऱ्या वर्षी म्हणाला, “आत्या, दुपारी तीनपर्यंत उरकाल का?” आम्ही उरकलं.

यंदा मी डाळीचा मोठा डबा घेऊन रिक्षातून उतरले, तर सहा बायका भर उन्हात फुटपाथवर उभ्या. अक्का पायरीवर बसली होती. तिची ऐंशी उलटली आहे. तिच्या घरची जमीन बिल्डरकडे गेली, बांधावरचं एक आंब्याचं झाड तेवढं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उरलं आहे. त्याच्या कैऱ्यांची पिशवी तिच्या मांडीवर होती. दारात हातात टॅबलेट घेतलेली एक मुलगी होती.

“मॅम, आज फुल बुक आहे. कंपनीचा ग्रुप आहे. तुमचं रिझर्व्हेशन कुठल्या नावाने?”

“ताई, समद्यांची नावं सांगून झाली,” अक्का म्हणाली. “हितं आपलं नाव लिवल्यालं न्हाई म्हनं. आता तीस वरसं पोळ्या लाटल्या, पर पिठात कुनी नाव लिवतं व्हय?”

भाचा बाहेर आला. “आत्या! अगं, आज होतं का? कॉल तरी करायचास!”

“दरवर्षी असतं.”

“अगं, पण तुमची तारीख बदलते ना. माझ्या कॅलेंडरला नव्हतं.”

“तुझ्या बाबांनी मला शब्द दिला होता.”

त्याने आवाज खाली आणला. “आत्या, तसं पेपरमध्ये काहीच नाहीये गं. मी वकिलांना विचारलं होतं.”

विचारलं होतं. म्हणजे बुधवार त्याच्या पूर्ण लक्षात होता. विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं. विसरणं आमच्या घराण्यात आहे.

मी तिथेच उभी राहून भावाला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, आता सगळं तोच बघतो. तू उन्हात उभी राहू नकोस.”

भाच्याने आम्हाला आत घेतलं, नाही असं नाही. मागे, हात धुवायच्या जागेजवळ, उंच टेबलाभोवती आठ स्टुलं मांडून दिली. त्यावर चढवायला दोघींना अक्काला धरावं लागलं. ग्रुप मोठ्याने हसत होता. समोर आईचं चित्र होतं आणि तिच्या कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू. खाणावळ सुरू केली त्या दिवसापासून ते तिच्या कपाळावर कधीच नव्हतं. तिने तो बुधवार सुरू केला तोच त्यामुळे. मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “आर्टिस्टने काढलं गं. छान उठून दिसतं.”

मी डब्याचं झाकण काढलं, तर वेटर वाकून अदबीने म्हणाला, “सॉरी मॅम, बाहेरचं खाणं इथे अलाउड नाही.”

माझ्या आईच्या खाणावळीत माझ्या आईची डाळ बाहेरची ठरली. मी झाकण लावलं.

भाच्याने माझ्यासाठी त्याच्या पन्ह्याच्या बिअरचा पेला पाठवला होता. तो मी प्यायले. खोटं कशाला सांगू, चांगली होती. वेलदोडा, केशर, चिमूटभर मीठ, सगळं आईच्या प्रमाणात. जे मी लिहून दिलं होतं ते त्याने काटेकोर पाळलं होतं.

अक्काने माझा हात दाबला आणि हनुवटीने बायकांच्या टॉयलेटच्या दाराकडे दाखवलं. तिथे काचेच्या चौकटीत माझी पाटी लावली होती. ‘आज दुपारी फक्त बायका.’ दोन मुली तिच्यासमोर उभ्या राहून, ओठांचा चंबू करून, स्वतःचा फोटो घेत होत्या.

“पाटीला जागा गावली बघा,” अक्का म्हणाली. “चला ताई. उतरवा मला.”

जाताना मी भाच्याकडे पाटी मागितली. तो म्हणाला, “अगं, ती खूप फेमस आहे. मी तुला कॉपी करून देतो ना.” माझ्याच अक्षराची नक्कल तो मला देणार होता. मी नको म्हटलं.

तिघी तिथूनच घरी गेल्या. उरलेल्या आम्ही पाच जणी दोन रिक्षा करून वारज्याला आलो. माझ्या हॉलमध्ये जमिनीवर चटया घातल्या. अक्काच्या गुडघ्यांना जमीन झेपत नाही, म्हणून ती तुमच्या आजोबांच्या खुर्चीत बसली. डाळ उन्हाने थोडी आंबली होती. तरी सगळी संपवली. निघताना अक्का एवढंच म्हणाली, “फुडल्या वर्षी सरळ हितंच बलवा. त्या पोरीला नाव सांगायचं माझ्यानं न्हाई व्हायचं.”

तुम्ही जूनमध्ये तिथे जा, मी अडवणार नाही. मामाशी नीट वागा, तो तुमच्याशी चांगलाच वागेल. फक्त ती जागा आपली म्हणू नका. ती मी सही करून दिली आहे आणि त्या कागदात एकही चूक नाही. चित्रातल्या बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हे लक्षात ठेवा.

खाणावळ मोडताना पाटा आणि वरवंटा भाच्याला नको होते, जड होते म्हणून. ते वारज्याला माझ्या मागच्या बाल्कनीत आहेत, आणि डाळ अजून त्यांच्यावरच वाटली जाते.