सव्वीस कसे काढलेत?

इव्हानो ब्रांडोनी विद्यापीठातल्या आमच्या वित्त विभागात शिकवायला आले, तोवर त्यांचं अर्धं आयुष्य वॉशिंग मशिनच्या कंपनीचा पैसा सांभाळण्यात गेलं होतं. कुठला कारखाना विकत घ्यायचा, कशासाठी कर्ज काढायचं, सगळं त्यांच्या सहीनं. मी विभागप्रमुख. म्हटलं, चला, पोरांना खऱ्या व्यवहाराचा वारा तरी लागेल.

कसलं काय! जूनच्या तोंडी परीक्षेत नुसता गोंधळ. आमची पोरं पुस्तक घोकून येतात आणि व्याख्येपासून सुरू होतात. हे पहिल्याच वाक्याला हात दाखवून थांबवणार. "ते राहू दे. हा कारखाना घ्यायचा की नाही, एवढं सांग." पोरं गार! तिसांपैकी वीस-बावीस मिळाले की एकेक जण उठून म्हणायचा, "नकोत मला." आमच्याकडे तसा हक्कच आहे, मार्क नाकारायचे आणि सप्टेंबरात पुन्हा यायचं. जवळजवळ सगळा वर्ग नाकारून गेला.

"अहो, ही परीक्षा आहे, संचालकांची बैठक नव्हे!" मी भडकले. "सप्टेंबरात पुन्हा हेच झालं, तर पुढच्या वर्षी तुम्हाला हा विषय देता येणार नाही."

त्यांचा चेहरा पडला. "कंपनी सोडताना काही वाटलं नव्हतं, बाई. हे सुटलं तर फार वाटेल."

मला वाईट वाटलं. पण मी शब्द मागे घेतला नाही.

जुलैत सगळं गाव समुद्रावर, आणि यांचे जादा तास. स्वतः विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसले आणि पोरांना परीक्षक केलं. त्यांनी कंपनीसाठी घेतलेला एक कारखाना पुढे साफ बुडाला होता. त्यावरून पोरांनी त्यांना चांगलंच धारेवर धरलं.

"मग सही केलीतच कशाला?" जूनमध्ये सगळ्यांत आधी मार्क नाकारणारी मिरेला म्हणाली.

"समोरच्यानं आकडा सांगितला आणि मी मान डोलावली. कसा काढला, विचारलंच नाही."

सप्टेंबरच्या परीक्षेला सगळ्यांत आधी समोर बसली ती मिरेलाच. मी शेजारी बसले होते.

"घ्यायचा का हा कारखाना?"

"आज तरी नाही. यंत्रं किती जुनी आहेत, ते तुम्ही सांगितलेलंच नाही. ते कळल्याशिवाय माझी सही नाही."

पुढे एका सूत्रात ती घसरली.

"सव्वीस," ते म्हणाले.

झालं, आता ही उठणार. ती उठली नाही. उलट खुर्ची पुढे ओढली.

"सव्वीस कसे काढलेत, सर? सूत्र चुकलं, कबूल. पण यंत्रांचं मी पकडलं, त्याचे किती दिलेत?"

"अगं ए, भाजी घ्यायला आलीयस का?" मी ओरडले.

"थांबा हो, बाई. बोलू द्या तिला." त्यांनी कागदावरचा आकडा खोडला. "बरोबर आहे तुझं. अठ्ठावीस."

"एकोणतीस?"

"अठ्ठावीस. सूत्र चुकलंय."

"मान्य," म्हणत तिनं हात पुढे केला.

मागच्या बाकांवर कोण किती मार्क वाढवून घेतो यावरून पैजा लागल्या. एकही पोर जागचं हललं नाही.

"पुढच्या वर्षी हा विषय तुमचाच," मी हळूच म्हणाले.

ते पुढचं नाव पुकारायला गेले, पण आवाजच फुटेना. शेवटी मीच पुकारलं.