साडेबाराची गोळी, तीनचं जेवण

भामाकाकूंच्या खानावळीत मी सत्तावीस वर्षं दुपारचं जेवतो आहे. एवढ्या काळात माणसांची लग्नं होतात, पोरं होतात, ती पोरं अमेरिकेला जातात. माझं यातलं काही झालं नाही. विद्यापीठाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिलो आणि रोज दुपारी साडेबाराला विद्यानगरच्या त्या गल्लीत चपला काढत आलो. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की मी खानावळीचा पत्ता देतो.

काकू मूळच्या भालकीकडच्या. त्यांचे यजमान हिम्मतराव गौलीगुड्याच्या बसडेपोत मेकॅनिक होते. डेपोतल्या चार मराठी माणसांना घरचं जेवण हवं होतं म्हणून काकूंनी चार पानं मांडली, ती वाढत वाढत वीसवर गेली. हिम्मतराव जाऊन आठ वर्षं झाली. खानावळीला पाटी नाही, काय आहे असं विचारायची पद्धत नाही. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी आणि एक भाजी. ती बहुधा अंबाडीची असते. इथले तेलुगू लोक तिला गोंगुरा म्हणतात आणि आपणच ती शोधून काढल्यासारखे मिरवतात. पूर्वी बँकेतले आणि डेपोतले लोक जेवायला यायचे, आता पुण्या-नागपूरहून कंपन्यांत आलेली मुलं-मुली येतात. पान रिकामं दिसलं की काकूंचा जीव खालीवर होतो. नको म्हणण्यासाठी हात आडवा करावा, तर हातावर वाढतात.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पायाची एक जखम महिनाभर भरेना. तपासल्यावर साखर निघाली. दोन गल्ल्यांपलीकडे डॉक्टर सत्यवतींचा दवाखाना आहे. त्यांनी गोळी दिली, दुपारी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, आणि आठ दिवसांत काकूंच्या पोटानं बंड पुकारलं. ऐन वाढायच्या वेळी काकू गायब व्हायला लागल्या. आम्ही भाजी मागायचो आणि परसातून आवाज यायचा, "आले, आले." एकदा वरण करपलं. एकदा भाकरी तव्यावर काळी ठिक्कर पडली. पोटात गुडगुड, मळमळ, वर तोंडाला विचित्र चव. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी कळकली की लागते तशी, असं त्या म्हणायच्या. चवच गेल्यावर मिठाचा अंदाज कुठून राहणार? आणि मी शहाणा, एका दुपारी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो की आज वरणात मीठ विसरलात. ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

काकूंनी ओवा चावून पाहिला, बडीशेप खाल्ली, ताकात हिंग घालून प्यायल्या. गुण आला नाही. मग त्यांनी आपल्या अकलेनं तोड काढली. खानावळ रविवारी बंद, म्हणून गोळी फक्त रविवारी. सोमवार ते शनिवार पोट शांत, वाढणं व्यवस्थित, सगळे खूश. दोन महिन्यांनी साखर पुन्हा तपासली, तर ती पहिल्यापेक्षा वर चढलेली.

त्यांचा मुलगा हर्षद शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला एका कंपनीत आहे. पोरगा चांगला आहे, पण घाबरला की हुकूम सोडतो. त्यानं आईला सांगून टाकलं, की तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, आकडा खाली आला नाही तर खानावळ बंद आणि मुक्काम त्याच्या फ्लॅटवर. काकू त्याला काही बोलल्या नाहीत. मला मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तिथं बाराव्या मजल्यावर मी कुणाला वाढू, शिवराजभाऊ?" गोळी घ्यावी तर खानावळ चालत नाही, न घ्यावी तर खानावळ बंद होते. अशा कात्रीत बाई सापडली होती.

दुसरी गोळी मागायची म्हणून त्या दवाखान्यात निघाल्या, तेव्हा मी सोबत गेलो. हर्षद कामावर होता, आणि खरं सांगायचं तर खानावळ बंद पडली असती तर माझंच पहिलं मरण होतं. डॉक्टर सत्यवती तेलुगू, आमच्याशी इथल्या दखनी हिंदीत बोलतात. चुकवलेल्या गोळ्यांबद्दल त्या आधी रीतसर रागावल्या. मग त्यांनी विचारलं, गोळी घेता कशी? काकू म्हणाल्या, जेवणाबरोबरच घेते. किती वाजता? साडेबाराला. हे खरं होतं. पहिली पंगत बसली की पदराच्या गाठीतली गोळी काकू तोंडात टाकायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"और आप कब खाते, अम्मा?"

काकूंना या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. "सगळ्यांचं झाल्यावर की," त्या म्हणाल्या. "तीन वाजतेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण ते काही आनंदाचं नव्हतं. "बीस लोगां खाना खारे," त्या म्हणाल्या, "और दवा आपके खाली पेट में जारी."

मला त्या खुर्चीत बसवेना. सत्तावीस वर्षं मी या बाईच्या हातचं गरम जेवलो, भाकरी फुगली नाही तर तोंड वाकडं केलं, आणि ती स्वतः कधी जेवते हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटली, दुसरं काय. डॉक्टरांनी गोळी आधी कमी ताकदीची करून दिली, ती जेवणाच्या मध्यावर घ्यायची, पोट सरावलं की हळूहळू वाढवायची, तरीही त्रास झाला तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते, पण मनानं बंद करायची नाही, असं सगळं नीट समजावलं. काकूंनी मान डोलावली आणि घरी येऊन आपलंच खरं केलं. ओट्याशी उभ्या उभ्या दोन घास तोंडात टाकायच्या, वर गोळी, की झालं जेवण. पोट फसायला तयार नव्हतं. चौथ्या दिवशी पुन्हा परसातून "आले, आले" सुरू.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी साडेबाराला पानावर बसलो आणि ताट पालथं घातलं. बाकीच्यांना आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं होतं. मृण्मयी नावाची पुण्याची मुलगी आहे, एरवी ती मोबाइलमधून मान वर काढत नाही. तिनंही ताट पालथं घातलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही बसल्याशिवाय कोणीच स्टार्ट करणार नाही."

काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. भाकरीला लाटणं लागत नाही, म्हणजे ते खास आमच्यासाठी आणलेलं होतं. "माझ्या घरात मला शिकवायलाव?" त्यांनी विचारलं. कुणी हललं नाही. वरणाचा वास सुटलेला, माझ्या पोटात कावळे कोकलत होते, आणि काकू एकेकाच्या पालथ्या ताटाकडे बघत होत्या. पालथं ताट त्यांच्यानं बघवत नाही हे मला ठाऊक होतं. शेवटी त्या उंबऱ्यावरच टेकल्या आणि खरं काय ते बोलल्या.

"मी आधी जेवले आन् शेवटच्याला कमी पडलं तर? मी शेवटी बसते म्हणून मला कळतंय, पुरलं का नाही ते."

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. खानावळीच्या पहिल्याच वर्षी त्या एकदा तापात होत्या, हिम्मतरावांनी आग्रह केला म्हणून आधी जेवून घेतलं, आणि त्या दिवशी डेपोतला एक ड्रायव्हर अर्ध्या भाकरीवर उठून नांदेडच्या गाडीवर गेला. त्यानं तक्रार केली नाही. पुन्हा तो कधी आलाही नाही. तेव्हापासून काकू शेवटी बसत होत्या.

 माझ्या तोंडून निघून गेलं, "मग शेवटचं पान माझं. कमी पडलं तर मला पडेल."

"तुम्हाला साडेबाराला भूक लागती."

"लागू द्या."

"आन् कचेरी?"

"तिथं माझी वाट कोण बघतंय, काकू."

 काकू उठल्या, दोन भाकऱ्या थापल्या, आणि पान घेऊन बसल्या. बसल्या त्याही आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, चोरी केल्यासारख्या. मृण्मयीनं त्यांना वरण वाढलं, अर्धं फरशीवर सांडलं. एक भाकरी झाल्यावर काकूंनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या, दुसरी भाकरी मोडली. मग पंगतीतल्या बाकीच्यांनी ताटं सुलटी केली.

पंधरा-वीस दिवस गुडगुड राहिली, मग कमी होत गेली. एकदम नाहीशी झाली असं नाही. रिकाम्या पोटी चहा घेतला की पोट अजून बोलतं, म्हणून काकू आता आधी अर्धी शिळी भाकरी खातात आणि मग चहा. गोळीची ताकद दोनदा वाढवली, तेव्हा दोन्ही वेळा आठवडाभर त्रास झाला. मात्र तोंडाची ती चव गेली आणि मीठ ठिकाणावर आलं. मी साडेबाराला येतो, काकूंचं जेवण होईपर्यंत बसतो, कचेरीत परत जातो आणि अडीचला येऊन जेवतो. मी काही संत नाही, पहिला आठवडा भुकेनं डोकं उठायचं आणि कचेरीत सगळ्यांवर खेकसायचो. दोनदा भाजी खरवडून मिळाली, एकदा नुसतीच चटणी. खोटं कशाला बोलू, चटणीच्या दिवशी मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हर्षद रजा काढून न सांगता आला. सकाळी रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आला होता. तो दारात उभा राहिला तेव्हा काकू जेवत होत्या, आता भिंतीकडे नव्हे, आमच्याकडे तोंड करून. मुलगा दिसताच त्या सवयीनं अर्ध्या उठल्या. मग पुन्हा बसल्या.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "माझं होऊ दे."

हर्षद माझ्याजवळ भिंतीला टेकून बसला. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. आकडा चांगला खाली आला होता, डॉक्टरांना हवा होता त्याच्या अगदी जवळ. खानावळ बंद करायची भाषा आता त्याच्याजवळ उरली नव्हती. आईला सांग की, मी म्हणालो. तो म्हणाला, जेवू दे तिला.

काकूंनी चटणीत तेलाचं आळं केलं, भाकरीचा पापुद्रा सोडवून आधी तोच त्यात बुडवून खाल्ला, मग कांदा घेतला, मग वरणाकडे वळल्या. हर्षद टक लावून बघत होता. पस्तीस वर्षांचा बाप्या, त्याचे डोळे भरून आले.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "आई पापुद्रा आधी खाते. मला माहीतच नव्हतं."

मलाही सहा महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं, असं मी त्याला सांगितलं. काकूंनी गोळी घेतली आणि दुसरी भाकरी मोडली, आणि त्यांचं होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.