खाजबंद आणि दुसरी खुर्ची

"विका! खुर्ची विका, आरसा विका, मग मलाही विका! मी बसते काचेच्या कपाटात, पाटी लावा गळ्यात!" मामी कडाडली.

"तुझ्या गळ्यात पाटी कशाला? खाजबंद लावीन."

"मामा!" मी ओरडले. कारण मामीच्या हातात तेव्हा केस झाडायचा ब्रश होता, आणि तिने तो केसांच्या बाजूने धरून लाकडाची बाजू मोकळी सोडली होती.

दुकान अजून उघडायचं होतं. शटर अर्धं वर. माझा मामा केस कापतो, आणि सगळी गल्ली त्याला मामाच म्हणते, अगदी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. दुकानात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मामाचं काम चालतं, दुसरी माझ्या मामेबहिणीची वाट बघतेय. ती केस कापण्याचंच शिकायला बाहेर गेली आहे, दोनेक महिन्यांत येईल. तोवर त्या खुर्चीत मी बसते, गोल फिरते आणि भांडणं ऐकते.

तीच खुर्ची मामा संध्याकाळी विकणार होता. पलीकडच्या रस्त्यावरचा सलूनवाला न्यायला येणार होता, आणि मिळालेल्या पैशांतून खाजबंदाचा साचा होणार होता.

"पोरगी येऊन काय गिऱ्हाइकाला मांडीवर बसवून केस कापेल?" मामी म्हणाली.

"ती येईपर्यंत आपल्या दहा खुर्च्या असतील!"

"बाजारात तुरी!"

आता खाजबंद म्हणजे काय ते सांगते. केस कापले की बारीक केस कॉलरच्या आत शिरतात, आणि भलाभला माणूस दिवसभर म्हशीसारखा खांब शोधत फिरतो. त्यावर मामाने उपाय काढला. स्पंजची जाडजूड गोल पट्टी, मागे वेल्क्रो. गळ्याला गच्च बसते, एक केस आत जात नाही. ती लावलेला माणूस बूच मारलेल्या बाटलीसारखा दिसतो, पण शोध लावणाऱ्याला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

हा काही पहिला शोध नव्हे. आधी मामाने वाफेने धुरकटणाऱ्या आरशाला गाडीचा वायपर बसवला होता. त्याने पहिल्याच दिवशी साबणाचा फेस उडवून तीन गिऱ्हाइकांची एकदम दाढी भिजवली. मग कंगवा सारखा हरवतो म्हणून त्याला घुंगरू बांधलं. पण हरवलेला कंगवा हलत नाही, त्यामुळे घुंगरूही गप्प. तेव्हा मामी फक्त हसली होती. तोवर खुर्चीवर पाळी आली नव्हती ना.

"मी अंदाजाने नाही बोलत," मामाने छाती काढली. "बाजाराची चाचणी केलीये. दोन आठवडे दुकानात आलेल्या प्रत्येकाला खाजबंद लावला आणि प्रत्येकाला विचारलं. एकजात सगळे म्हणाले, मामा, झकास, बाजारात आणाच."

मामी चपलांच्या दुकानात विकायचं काम करते. तिने ब्रश खाली ठेवला. हे लक्षण ब्रश उगारण्यापेक्षा वाईट.

"आमच्याकडे 'झकास आहे हो' म्हणणारं गिऱ्हाईक चप्पल ठेवून निघून जातं," ती म्हणाली. "'अंगठ्याला चावतेय, रंग बकवास आहे' असं म्हणणारं घेऊन जातं. तुमच्याकडे एकालाही चावलं नाही?"

"एकालाही नाही!"

"आणि विचारलंत केव्हा?"

"केस झाले की, दाढी करताना."

"वस्तरा कुठे होता?"

मामा आठवू लागला. मग त्याचा हात आपसूक हवेत वर गेला आणि बरोबर गळ्यापाशी थांबला.

मी हसून हसून खुर्चीसकट फिरले.

"जगात कुणाच्या हातात बाजार असा आयता सापडला नसेल!" मामी म्हणाली. "मान मागे, गळा वस्तऱ्याखाली, अर्ध्या गालाला फेस, आणि वर तुम्ही विचारताय, आवडलं का? अहो, त्या वेळी तुम्ही अख्खं राज्य मागितलं असतं तरी लोकांनी दिलं असतं!"

"लोक काय घाबरट आहेत?"

"बघूच. आज सुट्टी आहे मला."

आणि ती दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

पहिला आला टॅक्सीवाला. आतून त्याचा आवाज खणखणीत: "वा मामा! आणाच बाजारात!" पाचच मिनिटांनी बाहेर येऊन तो मामीला म्हणाला, "काय करणार मामी, श्वास घेता येईना. पण अर्धी दाढी राहिली होती."

मग शाळेतले कवायतीचे सर. "मुंडकं वेगळं, धड वेगळं वाटत होतं. आणि खाजेचं काय, घरी जाऊन अंगावर पाणी घेतलं की गेली."

तिसरे बँकेतले कॅशियर. ते बाकावर टेकूनच बोलले. "महिन्यातून एकदा घटकाभर खाज सुटते. तेवढ्यासाठी एक वस्तू विकत घ्या, सांभाळा, त्या दिवशी शोधा. त्यालाही घुंगरू बांधणार आहेत का?"

एवढ्यात मामा दारात आला. ऐकायला आला होता, पण हातात वस्तरा तसाच.

"उत्तम आहे, मामा!" कॅशियर उठून उभेच राहिले. "अत्यंत उपयुक्त!"

मामाने वस्तऱ्याकडे बघितलं. मग कॅशियरकडे. मग आत गेला. त्या दिवशी त्याने पुढच्या कुणालाच खाजबंद लावला नाही, काही विचारलंही नाही, आणि एकदोघांनी तर आपणहून तक्रार केली की आज गळ्यातलं ते टायर कुठे गेलं, दुकान कसं सुनं वाटतंय.

संध्याकाळी मामाने शेवटची काडी धरली. "गिऱ्हाईक नको तर नको. सलूनवाल्यांना विकू."

"खाज एकाची, खर्च दुसऱ्याचा? कोण करेल?"

खुर्ची न्यायला आलेल्या सलूनवाल्याच्या हातात मामाने खाजबंद ठेवला. ह्या खेपेला आधी वस्तरा लांब नेऊन ठेवला, हे मी बघितलं.

सलूनवाल्याने पट्टी उलटीसुलटी केली. "माझ्याकडे टॉवेल आहे की. बरं, खुर्ची उचलायची ना? टेम्पो उभा आहे."

मी माझ्याच खुर्चीतून उठले. मामाने साचेवाल्याला शब्द दिलेला, सलूनवाला दारात, आणि स्वतःच्या शोधावरचा स्वतःचाच विश्वास उडालेला. माणूस अशा वेळी हट्टानेच काहीतरी करतो. "पाना आणतो," म्हणाला. खुर्ची फरशीला बोल्टने आवळलेली होती.

घर दुकानाच्या मागेच. हत्यारांची पेटी न्हाणीघरात, बेसिनखाली. आतून बराच वेळ खडखडाट आला. मग एकदम शांतता.

मामा बाहेर आला तो एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात तीन खाजबंद. तिन्ही काळेकुट्ट.

"हे पेटीच्या मागे होते," तो म्हणाला.

मामी एकदम रस्त्यावरची रहदारी बघू लागली.

"मला वाटलं नमुने कमी भरतायत, उंदीर नेतात." मामाने एक पट्टी दाबली. बोटं काळी झाली. "कलप?"

"शाई असेल."

"न्हाणीघरात बसून पत्रं लिहितेस?"

इथे सांगायला हवं की "आमच्या माहेरी केस पांढरे होतच नाहीत" हे वाक्य मामीने आजवर लग्नात, बारशात, दवाखान्यात, सगळीकडे ऐकवलेलं आहे. आणि उभं आयुष्य लोकांच्या केसांत घालवलेल्या माझ्या मामाने त्यावर विश्वास ठेवला होता!

पण मामाचा चेहरा चिडलेला नव्हता. तो भलत्याच कारणाने उजळत चालला होता.

"ओघळ मानेवर येतात, नाही का? ब्लाउज खराब होतात. म्हणून लावलास. मी नाही सांगितलं, नाही विचारलं. तू चोरून नेलास! आणि एकदा नाही, तीनदा!"

"वहिनी," सलूनवाला हळूच म्हणाला, "आमच्या घरात उश्या काळ्या झाल्यात. एक मिळेल का?"

"तू थांब रे!" मामाने पाना आणि पट्ट्या खाली टाकल्या. "आणि टेम्पो परत पाठव. खुर्ची राहील. साचाबिचा नंतर. आधी हाताने कापू, हाताने शिवू, काळ्या कापडाचं. चोरून नेणाऱ्या दहा जणी भेटल्या की मग बघू." मग तो मामीसमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही रिकामे हात तिला दाखवले. "हे बघ, वस्तरा नाही. आता खरं सांग. चपलेसारखं सांग. कुठे चावतो?"

मामीने त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. सलूनवाल्याकडे तर असं बघितलं की तो आरशात स्वतःचा भांग तपासू लागला.

"आणि दुकानात मांडला असता," मामा म्हणाला, "तर विकत घेतला असतास?"

मामीने पदर सारखा केला, आरशासमोरचा कोरा खाजबंद उचलला, पर्समध्ये कोंबला आणि ताठ मानेने दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली.