नाल्यावरची बालवाडी

त्या सकाळी मी अंगण सारवत होते आणि सोमाजीकाका आमच्याच ओट्यावर बसून आमच्या यांना जाब विचारत होते.

शेणाचा हात तसाच राहिला. चुलीवरचा चहा उतू गेला.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. मध्य प्रदेशात, सौंसरकडे, रामाकोन्याच्या पुढे आमचं गाव, गावाच्या टोकाला आमची बौद्ध वस्ती. हे तिथल्या बालवाडीचे मास्तर.

आज यांचा स्मृतिदिन. म्हणून लिहायला बसले.

बालवाडीची खोली वस्तीनं स्वतः बांधली होती. बायांनी पाणी वाहिलं, माणसांनी विटा थापल्या. सोमाजीकाका, यांचे चुलते, म्हातारे असूनही रोज भिंतीवर चढायचे.

आणि हे त्या खोलीला कडी लावून लेकरांना नाल्यावर न्यायचे.

वाळूत बोटानं अक्षरं. कपाशीचं बोंड फोडून आतल्या सरक्या मोजायच्या. मुंग्या कुठून निघतात, कुठे जातात, ते बघत लेकरं पोटावर पडून राहायची. संत्र्याला फुलोरा आला की डोळे मिटून, वासावरून बगीचा शोधायचा.

गावातले लोक हसायचे. मास्तर शिकवून राह्यला का बकऱ्या चारून राह्यला, म्हणायचे.

हे म्हणायचे, बकऱ्या इतके प्रश्न विचारत नाहीत.

काकांची नात सुमन. चार वर्षांची होऊनही बोलत नव्हती. खोलीत भिंतीला टेकून झोपायची. एक दिवस नाल्यावर खेकडा दिसला आणि ती म्हणाली, तो पळून राह्यला.

त्यानंतर नाल्यावर तिचं तोंड बंदच व्हायचं नाही.

आणि तिचेच आजोबा त्या सकाळी ओट्यावर होते.

"आमाले मास्तर वर्गाच्या बाहेर बसवत होता. उन्हात, पायरीपाशी. तिथून आयकू आयकू शिकलो मी. लेकरायसाठी ही खोली बांधली, अन् तू, आपला मानूस, त्यायले पुन्हा बाहेर बसवून राह्यला?"

यांनी बाजू मांडली नाही. सुमन नाल्यावर बोलायला लागली, हेसुद्धा सांगितलं नाही.

काका गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "काका चुकले नाहीत. बाहेर मले झाडं दिसते. त्यायले ते पायरी दिसते."

त्या दिवसापासून लेकरं आत. तरटाच्या पट्टीवर रांगेत, पाटी मांडीवर. आया कापूस वेचायला गेलेल्या, लेकरं त्यांच्यासाठी रडायची. कुणी पेन्सिल खायचं.

सुमन पुन्हा भिंतीला टेकली.

हे घरी आले की जेवतानाही काकांचं मन न दुखवता लेकरांना परत कसं न्यायचं, याचाच विचार करत असायचे. सुचेल काहीतरी, म्हणायचे.

सुचायच्या आधी कावीळ झाली.

सौंसरला नेलं. मग नागपूरला. तिथून यांना आणलं ते पांढऱ्या चादरीत.

खोलीला कुलूप लागलं.

मी शाळेत गेलेली नाही. यांच्या पेटीतल्या पुस्तकांवर एकेक अक्षर लावत वाचायला शिकले, तेही लग्नानंतर. त्या दिवसांत पुस्तक उघडून बसायचे. ओळ पुढे सरकायची नाही.

एक दिवस काका आले, सुमनचा हात धरून. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पोरगी घरातही बोलेनाशी झाली, म्हणाले. मास्तर असता तर नाल्यावर नेली असती.

मी विचारलं, "काका, बाहेर नेऊ?"

त्यांनी बालवाडीच्या कुलपाकडे बोट दाखवलं.

"सूनबाई, आदी आत बसव. आपली जागा कोनती, हे तिले समजू दे. मंग ने कुठंबी."

हे हीच वाट शोधत होते. ती सापडली तेव्हा हे नव्हते. मला आजही त्याचंच वाईट वाटतं. मरणाचं दुःख अंगवळणी पडलं, याचं पडलं नाही.

आता काकाही नाहीत. सुमन पांढुर्ण्याला असते. आज सकाळी तिचा फोन आला, भरपूर बोलली. फोन ठेवून मी फोटोपुढे मेणबत्ती लावली.

मास्तर, तुम्हाला वंदन.

काका येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं, खोली झाडली, पट्ट्या अंथरल्या. लेकरांना आत बसवलं, एकेकाचं नाव घेतलं.

मग त्यांना नाल्यावर घेऊन गेले.