खिडकीतले दर्भाचे तुरे

तृणापासून वटवृक्षापर्यंत सर्वत्र वसणाऱ्या श्रीनारायणाला वंदन करून लिहितो. आज पिठोरी अमावास्या, वर्षभराच्या धर्मकार्यांसाठी दर्भ उपटण्याचा दिवस. येत्या दशमीला माझ्या पत्नीचे वर्षश्राद्ध आहे.

पूर्वी आमच्या भुकूम गावच्या ओढ्याकाठी दर्भ मुबलक असे. तिथे इमारती उठू लागल्या, तेव्हा तिने एक ठोंब आणून आमच्या फाटकाशी लावला. मला तो श्राद्धात बोटात घालायच्या पवित्रकासाठी हवा होता. तिला त्याचे तांबूस तुरे आवडत. एका सकाळी तिने कात्रीने चार तुरे कापून पितळी तांब्यात घातले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले.

“लोखंड लावलेस? आता हा ठोंब कर्माला चालायचा नाही.”

“तुमच्या कर्माला नसेल. माझ्या डोळ्यांना चालतो,” ती हसून म्हणाली.

मी हसलो नाही. तुरे उचलून खताच्या खड्ड्यात टाकले. वास्तविक कापलेल्या काड्या तेवढ्या वर्ज्य होत्या; ठोंबाला कसलाच दोष लागला नव्हता. हे मला ठाऊक होते, आणि पुढेही मी ते तिला कधी सांगितले नाही. तिने पुन्हा तुरा तोडला नाही.

आज स्नान करून ईशान्येकडे तोंड करून ठोंबापाशी बसलो. बागेच्या कामाला येणाऱ्या गावातल्या मावशी शेजारीच खुरपत होत्या.

“बाबा, दमानं उपटा. आईंनी लई जपलाय त्यो. मला इळा लावू द्यायच्या न्हाईत. म्हनायच्या, येकदा माझ्या हातनं बाटलाय; आता नवी फूट बाटवू नगंस, माझ्या दिवसाला तीच लागंल.”

“असे म्हणाली?”

“व्हय. अन् तुरं लई देखणं हायेत, पर आमच्या घरात न्हाई चालत, असं बी म्हनायच्या.”

ओठांवर आलेला मंत्र पुढे सरेना. तो पहिल्यापासून पुन्हा म्हटला. मग तिच्या श्राद्धाला लागतील तेवढ्या काड्या मुळासकट उपटून देवघरात ठेवल्या. तिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन परत आलो, चार तुरे कापले आणि तांब्यात पाणी घालून खिडकीत ठेवले.

“चालतो,” मी मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरात ऐकायला कोणी नव्हते.

वाचकहो, नारायण तुमच्या कुटुंबाला सुखात ठेवो. तुमच्या घरी कोणी हौसेने खिडकीत काही ठेवले असेल, ते तिथेच राहो.