ओद्री अण्णा आणि अकरा वर्षांचं घर

ओद्री अण्णा दुसऱ्याचा कागद आधी स्वतः वाचून दाखवत नसत. बेळगावात नोंदणी कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल होतं. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा असले दस्त लिहून देणारे ते बॉन्ड रायटर. पण गिऱ्हाईक समोर बसलं की ते त्याचाच कागद त्याच्याच हातात परत देत आणि म्हणत, ‘ओद्री.’ म्हणजे कन्नडमध्ये, वाचा. मराठी माणसालाही ते आधी ओद्रीच म्हणायचे. त्यावरून शेडमधल्या मराठी मंडळींनी त्यांना हे नाव पाडलं होतं आणि त्यांनीही ते बिनतक्रार लावून घेतलं होतं.

ते निपाणीकडचे जैन. रोज सकाळच्या बसने यायचे आणि चारच्या बसने परत जायचे, कारण जेवण दिवस मावळायच्या आत घरी जाऊन करायचं असा नेम. पावणेचारला कोणी कितीही मोठा बिल्डर आला तरी टोपण पेनावर चढलेलं असे. ‘कागूद उद्याबी हाय, दिस मावळला की आज न्हाय,’ असं म्हणत ते पिशवी उचलत.

माझी त्यांची गाठ पडली ती घरापायी. मी बेळगुंदीचा. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं बेळगावात भाड्याच्या घरात काढली. माझ्या बायकोची, सुलभाची, एकच मागणी होती, की आता जो खिळा भिंतीत मारीन तो कोणाला न विचारता मारीन. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना एक घर सापडलं. दोन खोल्या, मागे परस, परसात शेवगा. भाव आमच्या आवाक्यातला. एवढं स्वस्त का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण माझी समजूत अशी, की माझ्या बोलण्याची छाप पडून भाव उतरला. जागा एका ट्रस्टची आहे, लीजवर आहे, पण ते नावापुरतं, असं एजंट म्हणाला आणि मीही ‘हो हो, असतंच ते’ असं म्हणून मोकळा झालो.

संचकार, म्हणजे इसाराचा कागद, लिहून घ्यायला मी अण्णांकडे गेलो. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशातला निम्मा सोमवारी मालकाच्या हातात ठेवायचा होता. अण्णांनी मूळ भाडेपट्टा चाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘ओद्री, सर.’

इथे एक कबुली द्यायला हवी. कागद कन्नड होता आणि मला कन्नड वाचता येत नव्हतं. बोलता येतं फर्डं. भाजीवालीशी घासाघीस करावी, कंडक्टरशी भांडावं, सगळं कन्नडमध्ये. पण अक्षर शिकायचं नाही, हा आमच्या पिढीचा बाणा. शाळेत कन्नडच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून मराठी कविता करत असे. कविता वाईट होत्या आणि कन्नडही राहिलं. पुढे आयुष्यभर बसची पाटी मी शेजारच्याला विचारून वाचली, तीही चष्मा विसरल्याचं सांगून.

पण प्राध्यापक माणूस बॉन्ड रायटरसमोर तसं कसं सांगणार? मी चष्मा चढवला, खाकरलो आणि पानं बेताच्या वेगाने उलटली. तिसऱ्या पानावर कपाळाला आठी घालून बराच वेळ थांबलो, एकदोनदा मान हलवली आणि म्हणालो, ‘ठीक आहे. नेहमीचंच आहे सगळं.’

अण्णा शांतपणे म्हणाले, ‘तिसऱ्या पानावर लई येळ थांबलासा, सर. तिथं निस्ती साक्षीदारांची नावं हैत.’

शेजारचा टायपिस्ट खाली वाकून काहीतरी शोधू लागला. त्याचं काही पडलेलं नव्हतं. मी तिथून उठून जाणार होतो, खरंच. पण अण्णांनी हसण्यावारी नेलं नाही. खुर्ची जवळ ओढली आणि कलमावर बोट ठेवून मला एकेक ओळ समजावून दिली. भाडेपट्टा पन्नास वर्षांचा होता आणि त्यातली एकोणचाळीस सरली होती. उरलेल्या अकरा वर्षांनी जागा ट्रस्टकडे परत, आणि तिच्यावर बांधलेलं जे काही असेल तेही. शिवाय ट्रस्टच्या लेखी संमतीवाचून घर कोणाला विकायचंच नाही. विकलं, तर ट्रस्टने भाडेपट्टा रद्द केला तरी तक्रार चालणार नाही. मागची खोलीही बिनपरवानगीची निघाली. सुलभाने जिथे देवघर ठरवलं होतं तीच.

‘घर तुमचं, भुई त्यांची,’ अण्णा म्हणाले. ‘उद्या भुईवाला ऊठ म्हणला, तर घर काय काखंत मारून न्हेशीला? आनि अकरा वर्सं म्हंजे भाडं झालं सर, खरेदी न्हवं.’

मालकाने मला फसवलं असं म्हणून मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. पण त्या बिचाऱ्यांनीही तो कागद कधी वाचलेला नव्हता. तेही माझ्यासारखेच बाण्याचे निघाले. मग आम्ही दोघे चहा प्यायलो.

घरी आल्यावर सुलभाला सगळं सांगितलं. आता ती रडेल, या तयारीने मी शब्द जुळवून आणले होते. ती म्हणाली, ‘अहो, मी संकेश्वरला सातवीपर्यंत कन्नड शाळेत होते. कागद पंधरा दिवस तुमच्या टेबलावर पडला होता. मला दिला असतात तर मी वाचला नसता का?’ ती कन्नड शाळेतली आहे हे मला ठाऊक होतं. तिला विचारावं हे मात्र तीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी अण्णांसमोरही वाटली नव्हती.

घराचा नाद सोडायला अण्णांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त क्रम उलटा केला. मालकाने आधी ट्रस्टची थकलेली भुईपट्टी भरायची, मागची खोली नियमित करून घ्यायची, भाडेपट्ट्याला मुदतवाढ आणि विक्रीला संमती मागायची. दोन्ही कागद शिक्क्यानिशी हातात आले, की मग संचकार. तोवर एक रुपया द्यायचा नाही. मालकही तयार झाले, कारण असला कागद घेऊन दुसरं गिऱ्हाईक मिळणार नाही हे त्यांनाही कळलं होतं.

यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत दर शनिवारी दोन वाजता अण्णांनी मला अक्षरं शिकवली. पहिलीचं पुस्तक वगैरे काही नाही. धडा म्हणून तोच भाडेपट्टा. मी जन्मात वाचलेला पहिला कन्नड शब्द ‘गुत्तिगे’, म्हणजे भाडेपट्टा. दुसरा ‘ओप्पिगे’, म्हणजे संमती. सरस्वतीचं नाव त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. माझे जुने विद्यार्थी दस्ताला येत आणि सरांना बोटाने अक्षर लावताना बघून नमस्कार करावा की न पाहिल्यासारखं करावं, या पेचात पडत. मी चिडलो, की अण्णा म्हणायचे, ‘अडाणी मानूस चार जणांस्नी इचारून अंगठा लावतोय. शिकल्याला सरळ सही करतोय. माझं प्वाट तुमच्यासारक्यांवर चाललंय, सर.’

शेवटी संमती आली. मुदतवाढ आजपासून तीस वर्षांची. मी हिशेब करू लागलो तेव्हा अण्णा म्हणाले, ‘तुमी नव्वदीला जाशीला तवा मुदत संपतीया. त्याच्या आदी तुमचीच संपंल, काळजी नगो.’ खरेदीच्या दस्तात त्यांनी पहिलं नाव सुलभाचं घातलं. ज्याला वाचायला येतं त्याचं नाव आधी, असं त्यांचं म्हणणं. आता मलाही येतं, असं मी म्हणालो. ‘तिसऱ्या पानापत्तूर येतंय,’ ते म्हणाले.

दस्त टाइप झाला, खाली त्यांनी सही केली. शनिवारी आम्ही दोघांनी बसून तो वाचला. शेवटचं पान राहिलं आणि चार वाजत आले. ‘मंगळवारी वाचू,’ असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

मंगळवारी ते आले नाहीत. सकाळी पूजेची तयारी करतानाच गेले, असं टायपिस्टने सांगितलं. मी तसाच उठलो आणि निपाणीची बस धरली. तिथे उतरून चार दुकानांत विचारलं, ओद्री अण्णांचं घर कुठे? कोणाला माहीत नव्हतं. हे नाव बेळगावच्या शेडमधलं. खरं नाव मी आठ महिन्यांत विचारलं नव्हतं आणि निघताना विचारून घ्यावं एवढीही अक्कल मला सुचली नव्हती. स्टँडवर तासभर बसून मी परतीच्या बसमध्ये चढलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात नोंदणी. सुलभाने नवीन साडी नेसली होती. कारकुनाने शेवटचं पान उघडून पेन पुढे केलं. हे पान वाचायचं राहिलंय, दोन मिनिटं द्या, असं मी म्हणालो. मागे रांग होती. लोक चुळबुळू लागले. मी बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागलो. साक्षीदार एक, त्याचं गाव. साक्षीदार दोन, त्याचं गाव. मग शेवटची ओळ. दस्त लिहिणाऱ्याचं नाव. जि-न-गों-डा.

पुढचं वाचता येईना. बोट तिथेच राहिलं आणि पानावरची अक्षरं एकमेकांत मिसळून गेली. कारकून थांबला. मागचा एक तरुण पुढे वाकून भल्या मनाने म्हणाला, ‘काका, कन्नड येत न्हाय व्हय? द्या, मी वाचून दावतो.’

सुलभाने माझ्या दंडाला धरलं आणि त्याला सांगितलं, ‘येतंय त्यांना वाचायला. जरा थांबा.’