मंदाकिनीबाईंची साडेपाचची बस

"मेली न्हाय ती! म्या सांगते न्हवं, मेली न्हाय! एवढ्याशा विहिरीत पडून मरायला ती काय तुमच्यासारखी हाय व्हय?"

गिरणीचा पट्टा फडफडत होता, पीठ उडत होतं आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वरचा सूर लावून माझ्या बायकोची मावशी ओरडत होती. दळणाचे डबे मांडून बसलेल्या बाया माना डोलवत होत्या. नुकतेच आत आलेले एक आजोबा मात्र हबकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गव्हाची पिशवी खाली ठेवली आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "कुणाच्या घरची म्हणायची?" मी म्हणालो, "टीव्हीतली." आजोबांनी टोपी परत घातली खरी, पण एकदा चेहऱ्यावर आणलेलं दुःख लगेच कुठं ठेवावं हे त्यांना उमगेना. ते तसंच घेऊन रांगेत बसले.

बेंबळीपासून मस्कतपर्यंतच्या माणसांना एकाच वेळी हसवणारी, रडवणारी आणि कामाला लावणारी अशी दुसरी बाई पृथ्वीवर नाही, हे मी नळदुर्गच्या किल्ल्यावर उभा राहून सांगायला तयार आहे. मावशी सातवी पास. गावात पिठाची गिरणी चालवते. तिचे केस पांढरे झालेत की त्यांवर पीठ बसलंय, हे तिच्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. टीव्हीवरच्या एका मालिकेत मंदाकिनीबाई नावाची एक खलनायिका आहे. ती डावी भुवई उचलते आणि पुढच्या माणसाचं वाटोळं होतं. सारा महाराष्ट्र त्या मालिकेतल्या सोशिक सुनेसाठी डोळे पुसत असताना मावशीचा जीव जडला तो या भुवईवर. "सून नुसती रडती, जावई," ती मला म्हणाली. "काम सगळं मंदाकिनीबाईच करती. ती हाय म्हणून मालिका हाय."

हे प्रेम गिरणीत मावेना, तेव्हा तिच्या नातीनं, वैष्णवीनं, तिला मोबाइलवर ब्लॉग काढून दिला. वैष्णवी बसनं धाराशिवला कॉलेजात जाते. आजी दिवसभर आपलं डोकं खाते, ते जगाचं खाईल, एवढाच तिचा हेतू. ब्लॉगचं नाव 'जाड का बारीक'. हा प्रश्न मावशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते. मला तर लग्नाच्या मांडवात आशीर्वाद देतानाही तिनं तोच विचारला होता असं मला आठवतं. लिहिण्याची तिची पद्धत स्वतंत्र आहे. गिरणीच्या तोंडात धान्य ओतायचं आणि ते संपेपर्यंत लिहायचं. दोन किलो गव्हात एक विनोद बसतो. पायलीभर ज्वारीत मालिकेच्या भागाची चिरफाड होते. कुणाच्या घरी लग्न निघालं आणि पोतं आलं, की त्या दिवशी अख्खी कथा. मजकूर लांबला आणि धान्य संपलं, तर हाताला येईल ते ओतायचं. एकदा माझ्या गव्हात अशीच कुणाची तरी हरभऱ्याची डाळ गेली. मी कुरकुरलो, तर मान वर न करता म्हणाली, "पौष्टिक झालं."

लिहून झालं की ते रांगेतल्या बायांना वाचून दाखवायचं. लाइट गेली की गिरणी बंद पडते आणि टीका सुरू होते. तिथून पास झालेला मजकूरच जगात जातो. "आमच्या गावात दोनच गोष्टी वेळेवर होतात, लाइट जाणं आणि पाहुणे येणं," या तिच्या एका ओळीवर जळगावचा एक दातांचा डॉक्टर इतका हसला, की म्हणे खुर्चीतल्या पेशंटचा चांगला दात निघाला. मस्कतची एक नर्स, बेळगावचे एक निवृत्त मास्तर, चंद्रपूरचा 'रातराणी' या नावानं लिहिणारा एक हवालदार, अशी मंदाकिनीबाईंवर जीव टाकणारी माणसं हळूहळू ब्लॉगभोवती जमली. रोज चित्रं, टोमणे, भांडणं. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पण मास्तरांचा मोतीबिंदू काढला त्या दिवशी मावशीनं उपास धरला होता.

असं सगळं छान चाललेलं असताना धाराशिवहून बेंबळीला येणारी संध्याकाळची साडेपाचची बस बंद झाली. कारण काय, तर प्रवासी कमी. हे कोणत्या आगारानं ठरवलं ते मी सांगणार नाही, मला अजून प्रवास करायचाय. पण वैष्णवीसह गावातल्या आठ पोरी त्याच बसनं कॉलेजातून परतायच्या. पोरी वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपला लोंबकळत येऊ लागल्या. दोघींच्या घरच्यांनी त्यांना घरीच बसवलं. मावशीचा मुलगा बाळू, वैष्णवीचा बाप, म्हणाला, "पंधरा दिवस वाट बघतो आई. बस आली तर ठीक, न्हाय तर पोरीचं नाव काढतो."

मावशीनं त्याच दिवशी ब्लॉगवर अर्ज टाकला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून' वगैरे. त्याला तीन पसंती मिळाल्या, त्यातल्या दोन तिच्या स्वतःच्याच, दोन वेगवेगळ्या मोबाइलांवरून. मावशीनं दोन दिवस काहीच लिहिलं नाही. त्या दोन दिवसांइतकं बारीक पीठ गावात कधी कुणी खाल्लं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका लग्नघरचं ज्वारीचं पोतं आलं. तिनं ते ओतलं आणि कथा सुरू केली.

कथेत मंदाकिनीबाई विहिरीतून जिवंत निघतात. त्यांचं मृत्युपत्र बेंबळीच्या गिरणीत पिठाच्या डब्यात लपवलेलं असतं. ते काढायला त्या धाराशिवच्या स्टँडवर येतात आणि साडेपाचच्या बसची वाट बघत उभ्या राहतात. पहिला भाग संपला: 'बस आली नाही.' दुसरा भाग संपला: 'बस आली नाही.' सहाव्या भागाला मस्कतची नर्स रडकुंडीला आली. डॉक्टर म्हणाले, अहो, त्यांना जीपमध्ये बसवा! मावशीनं उत्तर दिलं, "मंदाकिनीबाई वडापनं जाईल व्हय? मागच्या फळीवर? चार कोंबड्या मांडीवर घेऊन?" लोकांनी विचारलं, मग बस सुटत का नाही? मावशीनं लिहिलं, "ते आगाराला विचारा." आणि खाली चौकशीच्या खिडकीचा फोन नंबर दिला.

पुढं जे झालं ते आठवून मला आजही हसू आवरत नाही. मस्कत, बेळगाव, जळगाव, सगळीकडून फोन. मंदाकिनीबाई किती दिवस ताटकळणार? एका बाईमाणसाला स्टँडवर असं उभं ठेवता? हवालदारानं तर आपल्या नेहमीच्या खात्याच्या आवाजात विचारलं म्हणे. ते फोन घेणारा आगारातला माणूस मालिका बघणारा असता तर घोटाळा झाला नसता. पण त्यानं सरळ तक्रार नोंदवून घेतली. मुदतीच्या तेराव्या दिवशी 'श्रीमती मंदाकिनीबाई, मु. पो. बेंबळी' असा पत्ता लिहिलेला कागद घेऊन एक साहेब चौकशीला गावात आले. लोकांनी त्यांना अर्थातच गिरणीत आणून सोडलं.

"मंदाकिनीबाई इथंच राहतात का?" साहेबांनी विचारलं.

रांगेतल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. मी डाळीच्या डब्याआड तोंड लपवलं. मावशीनं गिरणी बंद केली, हात झटकले.

"इथंच यायच्यात. पर गाडीच न्हाय तर येतील कशा, साहेब? स्टँडावर हायत बिचाऱ्या."

"एकट्याच आहेत का?"

"न्हाय न्हाय. संगं आठ पोरी हायत. त्यांची नावं लिवून घ्या." आणि तिनं सावकाश, एकेक करून, आठही पोरींची नावं सांगितली. सगळ्यांत शेवटी वैष्णवीचं. साहेबांनी ती लिहून घेतली. जाताना ते मागं वळले. मावशीला वाटलं, पकडले गेलो. पण त्यांनी फक्त चहा घ्यायचा राहिला होता तो घेतला.

बाळूच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बस प्रायोगिक तत्त्वावर सुटणार, असा निरोप आला. मावशी चारपासून फाट्यावर उभी. अंगावर पीठ तसंच. बाळूही मागं, हाताची घडी घालून. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही सातवीनंतर का सोडलीत हो शाळा?" ती रस्त्याकडंच बघत म्हणाली, "पुढली शाळा धाराशिवला. आमच्या येळंला बसच न्हवती. मग चुकायचा प्रश्नच न्हाय." एवढं बोलून ती हसली.

मग वळणावर बस दिसली. कंडक्टरनं दार उघडून, हातातल्या कागदावर बघत आधी ओरडून विचारलं, "मंदाकिनीबाई कोण?" आणि मागून वैष्णवी उतरली, तिच्यामागं एकेक करत बाकीच्या सात. निरोप ऐकून सकाळीच कॉलेजात गेलेल्या, घरी बसवलेल्या त्या दोघीही. बाळूनं घडी सोडली आणि लेकीची बॅग हातात घेतली. मी म्हणालो, "मावशी, बघा! तुमच्या लिहिण्यानं बस आली!"

मावशीनं मोबाइलमधलं घड्याळ बघितलं, डावी भुवई उचलली आणि कंडक्टरला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सात मिनिटं उशीर."